स्पेलिंगचं मूळ शोधणारा मास्तर : नोहा वेबस्टर



इंग्रजी श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. मुलं बहुतेक वेळा ऐकू न येणाऱ्या अक्षरांवर अडखळतात. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द घ्या. उच्चारात 'ब' कुठेच नाही, पण लिहायचं मात्र डी-ई-बी-टी. मूल विचारतं की हा बी इथे कशाला? आपण म्हणतो की इंग्रजीत असंच असतं, पाठ कर. मूल पाठ करतं आणि पुढच्या आठवड्यात विसरतं.

खरं तर त्या बीचं कारण आपल्या बँकेच्या पासबुकात छापलेलं असतं. खात्यातून पैसे गेले की तिथे 'डेबिट' असं येतं. तो बी आपण स्पष्ट उच्चारतो. 'डेट' आणि 'डेबिट' ही एकाच घरातली भावंडं आहेत. दोघांचं मूळ लॅटिन भाषेतल्या 'देबितुम', म्हणजे देणं असलेली रक्कम, या शब्दात आहे. 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिन मूळ आठवून तो घातला. एवढं समजलं की मूल तो बी सहसा विसरत नाही.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये अशी लॅटिन आणि ग्रीक मुळं जागोजागी लपलेली आहेत. स्पेलिंग आणि त्याची मुळं यांच्यामागे एका शाळामास्तरांनी सगळं आयुष्य घातलं. तरुणपणी त्यांनी ही मुळं टाकून द्यायचं ठरवलं, मध्यम वयात त्यांचाच आधार घेतला आणि उतारवयात चुकीच्या मुळांमागे वर्षानुवर्षं घालवली. त्यांचं नाव नोहा वेबस्टर. वेबस्टर डिक्शनरी म्हटलं की जे आठवतात, तेच हे. आज त्यांचं चरित्र पाहू, आणि शेवटी त्यातून आपल्या वर्गात काय नेता येईल तेही पाहू.

शेतकऱ्याचा मुलगा

नोहाचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात, हार्टफर्डच्या पश्चिम भागात झाला. तेव्हा अमेरिका इंग्रजांची वसाहत होती. वडील शेतकरी होते. नोहाला शेतीपेक्षा पुस्तकांची ओढ जास्त होती. गावच्या धर्मगुरूंकडे तो लॅटिन आणि ग्रीक शिकला, कारण त्या काळी कॉलेजात जायचं तर या दोन भाषा याव्याच लागत.

१७७४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने येल कॉलेजात प्रवेश घेतला. फीसाठी वडिलांनी शेत गहाण टाकलं. आपल्याकडच्या कितीतरी पालकांना यात स्वतःचं घर दिसेल. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. कॉलेजात अन्नाची टंचाई झाली, काही काळ वर्ग दुसऱ्या गावांत हलवावे लागले. १७७८ मध्ये नोहा पदवीधर झाला. घरी परतल्यावर वडिलांनी आठ डॉलरची नोट हातात ठेवली आणि यापुढे तुझं तूच बघ, असं सांगितलं. युद्धामुळे चलन इतकं घसरलं होतं की त्या नोटेची खरी किंमत त्याहून खूपच कमी होती.

वेबस्टर यांना वकील व्हायचं होतं, पण शिकायला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी शाळेत शिकवायला सुरुवात केली. पुढे १७८१ मध्ये ते वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाले, पण युद्धकाळात वकिली चालेना. पुन्हा शाळाच हाती आली.

निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक

त्या वेळच्या शाळा कशा होत्या? एक खोली, एक शिक्षक आणि लहान-मोठी मिळून कधी कधी सत्तरपर्यंत मुलं. बाकं धड नाहीत, थंडीत शेकोटीसाठी लाकडं नाहीत. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे चित्र वेगळं सांगायला नको. पुस्तकं इंग्लंडमधून आलेली किंवा तिथल्या पुस्तकांवरून छापलेली. सगळ्यांत जास्त चालणारं पुस्तक थॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचं होतं. त्यात मुलांनी वाचायची गावांची नावंसुद्धा इंग्लंडमधली!

वेबस्टर यांनी स्वतःच पुस्तक लिहायचं ठरवलं. न्यूयॉर्क राज्यातल्या गोशेन गावी शिकवत असताना ते तयार झालं आणि १७८३ मध्ये हार्टफर्डला छापलं गेलं. लेखक तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते. पुढे या पुस्तकाला निळ्या कागदाचं वेष्टन असे, म्हणून लोक त्याला निळ्या पाठीचं स्पेलिंग पुस्तक म्हणू लागले. आपल्याकडे अंकलिपीचं जे स्थान, तेच अमेरिकेत या पुस्तकाचं.

त्याची मांडणी बघा. सुरुवात सुट्या अक्षरांपासून, मग बा, बे, बी, बो, बू अशी जोडाक्षऱ्यांची ओळ, जवळजवळ आपली बाराखडीच. मग एका अवयवाचे शब्द, नंतर दोन, तीन, चार अवयवांचे. शब्द तोडायची पद्धतही त्यांनी बदलली. डिलवर्थच्या पुस्तकात टी-आय-ओ-एन या शेवटाचे दोन तुकडे पाडलेले असत. वेबस्टर यांनी मूल जसं बोलतं तसा तो एकच तुकडा ठेवला. बदल छोटा होता, पण मुलाच्या कानावर पडणारं आणि डोळ्यांना दिसणारं त्यामुळे जुळलं.

हे पुस्तक शंभर वर्षांहून जास्त काळ चाललं आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. तरी लेखकाच्या हाती दर प्रतीमागे एक सेंटसुद्धा पुरा पडत नसे. कुणीही उठून पुस्तक छापू नये म्हणून वेबस्टर राज्याराज्यांत फिरले, लेखकाच्या हक्काचे कायदे करा म्हणून आमदारांना भेटले. १७९० मध्ये अमेरिकेचा पहिला राष्ट्रीय कॉपीराइट कायदा झाला. पुढे १८३१ मध्ये या हक्काची मुदत १४ वर्षांवरून २८ वर्षं झाली, त्यासाठीही त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन खटपट केली होती.

या पुस्तकाची एक आठवण सांगायलाच हवी. बाल्टिमोर शहरात फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम मुलगा होता. गुलामाने शिकणं मालकांना खपत नसे. हा मुलगा वेबस्टरच्या पुस्तकातली तिरकी अक्षरं गिरवत बसे, न बघता काढता येईपर्यंत गिरवी. पुढे तो गुलामीतून निसटला आणि गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता व लेखक झाला. स्पेलिंगचं पुस्तक म्हणजे फक्त मार्क मिळवायचं साधन नसतं, हे इथे दिसतं.

मुळं टाकून द्यायचा प्रयत्न

पहिल्या पुस्तकात वेबस्टर यांनी इंग्लंडमधल्या सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातलंच स्पेलिंग ठेवलं होतं. पण देश स्वतंत्र झाला, त्यांची भेट बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी झाली, आणि विचार बदलले. फ्रँकलिन यांनी उच्चाराप्रमाणे लिहिता येईल अशी नवी लिपीच तयार केली होती.

१७८९ मध्ये वेबस्टर यांनी इंग्रजी भाषेवरची आपली व्याख्यानं पुस्तकरूपात काढली. त्याच्या शेवटी स्पेलिंग सुधारण्याचा एक निबंध होता. मुका असलेला प्रत्येक वर्ण काढा, असं त्यांचं म्हणणं. 'ब्रेड' मधला ए नको, 'फ्रेंड' मधला आय नको. ग्रीकमधून आलेल्या 'कॅरेक्टर' आणि 'कोरस' या शब्दांत सी-एच कशाला, सरळ के लिहा. 'मशीन' सुद्धा ऐकू येतं तसं एस-एच आणि दोन ई घालून लिहा. १७९० मध्ये त्यांनी आपल्या निबंधांचा संग्रह काढला, त्यात काही पानं या नव्या स्पेलिंगमध्ये छापली. पुस्तकाच्या नावातल्या 'फ्युजिटिव्ह' शब्दाचा शेवटचा ई सुद्धा गाळला. लोकांनी टिंगल केली आणि ही सुधारणा तिथेच थांबली.

आपल्याला वाटेल की बिचाऱ्यांचं म्हणणं तर सोपं होतं. बोलतो तसं लिहा, देवनागरीत आपण बरंचसं तसंच करतो. मग अडचण काय? अडचण ही की त्या सी-एचला अर्थ आहे.

हे मराठी माणसाला फार लवकर समजतं. जुन्या ग्रीक भाषेत आपल्या ख, थ, फ यांच्यासारखे महाप्राण वर्ण होते. रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये त्यांसाठी अक्षरं नव्हती. मग त्यांनी जवळचं अक्षर घेऊन पुढे एच जोडला. फ साठी पी-एच, थ साठी टी-एच, ख साठी सी-एच. आपण वेगळं काय करतो? फलटणच्या पाटीवर पी-एच लिहितो, खेड लिहिताना के-एच लिहितो. रोमन लिपीत फ बसवायचा हा एक मार्ग होता. पुढे इंग्रजीत उच्चार बदलले, पण स्पेलिंग राहिलं. म्हणून 'फोटो', 'फोन', 'ग्राफ', 'अल्फाबेट' यांत पी-एच दिसला, किंवा 'केमिस्ट्री', 'टेक्नॉलॉजी' आणि आपल्या रोजच्या 'स्कूल' मध्ये सी-एचचा क झाला, की समजावं, हा पाहुणा ग्रीसहून आलाय. 'सिस्टिम', 'फिजिक्स', 'सायकल' यांच्या मधला वाय हीसुद्धा बहुतेक वेळा ग्रीक खूणच.

वेबस्टर यांचा के आला असता तर ही खूणच पुसली गेली असती.

लॅटिनचा आधार

पुढची काही वर्षं वेबस्टर न्यूयॉर्कला वर्तमानपत्र चालवत होते. १७९८ मध्ये ते न्यू हेवनला परतले. १८०६ मध्ये त्यांचा पहिला शब्दकोश आला. त्यात सुमारे ३७ हजार शब्द होते. आता त्यांची भूमिका बरीच मवाळ झाली होती. बदल थोडे करायचे, आणि शक्य तिथे मुळाचा दाखला द्यायचा.

आपल्या मुलांना नेहमी पडणारा प्रश्न इथलाच आहे. पाठ्यपुस्तकात 'कलर' या शब्दात ओ-यू-आर असतं आणि संगणकावर मात्र नुसतं ओ-आर. बरोबर कोणतं? दोन्ही. ओ-यू-आर हे रूप फ्रेंचच्या वळणाने आलं. वेबस्टर यांनी लॅटिनकडे बोट दाखवलं. लॅटिनमध्ये 'कलर', 'ऑनर', 'फेवर', 'लेबर' हे चारही शब्द ओ-आर असेच लिहिले जातात, मध्ये यू नाही. शिवाय इंग्रज लोकसुद्धा 'लेबोरियस' किंवा 'ऑनररी' लिहिताना यू घालत नाहीत. यू नसलेली रूपं वेबस्टर यांनी शोधून काढलेली नव्हती, ती आधीही अधूनमधून वापरात होती. पण त्यांच्या पुस्तकांमुळे ती अमेरिकेत पक्की झाली. 'डिफेन्स' चंही तसंच. 'डिफेन्सिव्ह' मध्ये एस आहे आणि लॅटिन मुळातही एस आहे, मग 'डिफेन्स' मध्ये सी कशाला, असा त्यांचा हिशोब. अमेरिकेत आजही तो शब्द एस घालूनच लिहितात.

पण मूळ बरोबर असलं म्हणजे लोक ऐकतातच असंही नाही. जीभ या अर्थाचा 'टंग' शब्द टी-यू-एन-जी असा लिहावा, असा त्यांचा आग्रह होता. जुन्या इंग्रजीतलं मूळ पाहिलं तर त्यात तथ्य होतं. तरी कुणी तसं लिहिलं नाही. उलट 'आयलंड' मधला एस पाहा. जुन्या इंग्रजीत तो शब्द एसशिवायच होता. लॅटिनमधून आलेल्या 'आइल' या दुसऱ्याच शब्दाशी नातं आहे असं समजून लोकांनी त्यात एस घुसवला. वेबस्टर यांनी या एसवर कडक टीका केली. एस चुकीच्या मुळावर उभा आहे, पण आजही तो ठाण मांडून बसलाय.

म्हणजे मूळ आपल्याला स्पेलिंग समजावून देतं. ते ठरवतात मात्र वापरणारी माणसं.

गोल टेबल आणि चुकलेली वाट

पहिला कोश झाल्यावर वेबस्टर यांनी मोठ्या कोशाचं काम हाती घेतलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं. काही अक्षरांपर्यंत गेल्यावर त्यांना जाणवलं की शब्दांची मुळं कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काम बाजूला ठेवून ते भाषांच्या अभ्यासाला बसले. जवळजवळ दहा वर्षं त्यांनी वीस भाषांतल्या शब्दांची तुलना केली. खोलीत मध्ये पोकळी असलेलं एक मोठं गोलाकार टेबल होतं, त्यावर वेगवेगळ्या भाषांचे कोश आणि व्याकरणं ओळीने मांडलेली. एक शब्द धरायचा आणि हातात पेन्सिल घेऊन एका कोशाकडून दुसऱ्याकडे फिरत जायचं.

मेहनत अफाट होती, पण वाट चुकली. १८०८ च्या सुमारास वेबस्टर अतिशय धार्मिक झाले होते. बायबलमध्ये सांगितल्याप्रमाणे आरंभी सगळ्या माणसांची एकच भाषा होती, आणि तिच्या जवळची भाषा म्हणजे पश्चिम आशियातली खाल्डी, असं त्यांनी आधीच मनाशी ठरवलं. मग दोन भाषांतल्या शब्दांत दोन-तीन व्यंजनं सारखी दिसली की ते नातं जोडत. उत्तर आधी ठरलेलं होतं, पुरावा नंतर गोळा होत होता.

आणि नेमकं त्याच काळात खरं उत्तर दुसरीकडे सापडत होतं. त्याचा धागा आपल्या देशातून निघालेला आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी एक व्याख्यान दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या क्रियापदांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे की तो योगायोग नसणार, या तिन्ही भाषा एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती जुनी भाषा बहुधा आता उरलेली नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. १८१६ मध्ये जर्मनीत फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन वगैरे भाषांशी पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली. १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी एका भाषेतला कोणता ध्वनी दुसरीत कोणता होतो याचे नियम मांडले. हेच ते परीकथांचे ग्रिम बंधू, त्यांतले थोरले. दोन शब्द सारखे दिसतात एवढ्यावर आता भागत नव्हतं. ध्वनी नियमाने बदललेला दाखवावा लागत होता. वेबस्टर यांच्या कामात ही पद्धत आली नाही.

१८२४ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते मुलाला सोबत घेऊन जहाजाने युरोपला गेले. पॅरिसच्या ग्रंथालयात आणि मग इंग्लंडमध्ये केंब्रिजला बसून त्यांनी काम केलं. जानेवारी १८२५ मध्ये केंब्रिजच्या खोलीत शेवटचा शब्द लिहून झाला. १८२८ मध्ये सत्तराव्या वर्षी त्यांचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. सत्तर हजार शब्द, त्यांतले बारा हजार याआधी कुठल्याच इंग्रजी कोशात नव्हते. आपल्याकडे मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत १८३१ मध्ये निघाला, म्हणजे काळ साधारण तोच.

पण वीस डॉलर ही किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. अमेरिकेत छापलेल्या अडीच हजार प्रतीसुद्धा सावकाश खपल्या. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांना कर्ज काढावं लागलं. ज्या मुलासाठी वडिलांनी शेत गहाण टाकलं होतं, तो म्हातारपणी कोशासाठी स्वतःचं घर गहाण टाकत होता. २८ मे १८४३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, न्यू हेवनला वेबस्टर यांचं निधन झालं. त्यानंतर जॉर्ज आणि चार्ल्स मेरियम या भावांनी कोशाचे हक्क विकत घेतले. १८६४ च्या आवृत्तीत जर्मन अभ्यासक माह्न यांनी त्यातल्या व्युत्पत्ती नव्याने लिहिल्या. वेबस्टर यांची दहा वर्षांची मुळं बहुतेक सगळी काढून टाकली गेली. त्यांनी केलेले अर्थ मात्र टिकले, आणि ओ-आर टिकलं.

आपल्या वर्गासाठी

हे चरित्र मला आपल्यासाठी महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याही मोबाइलवर रोज असे संदेश येतात की अमुक इंग्रजी शब्द तमुक संस्कृत शब्दावरून आला. ते वाचून छान वाटतं आणि आपण वर्गात सांगून टाकतो. वेबस्टर यांच्यासारखा कष्टाळू माणूससुद्धा आधी उत्तर ठरवल्यामुळे फसला, मग आपण तर कोश उघडूनच बघायला हवा. संस्कृत ही लॅटिनची आई नाही, बहीण आहे. बहीण म्हणूनही ती आपल्या मुलांना भरपूर मदत करते.

१) ओळखीचे धागे. त्रि आणि 'ट्रँगल' मधला ट्राय, दंत आणि 'डेंटिस्ट', दश आणि 'डेसिमल', नौ (आपली नाव) आणि 'नेव्ही', पाद आणि सायकलचं 'पेडल', मातृ आणि 'मॅटर्निटी'. ही नाती तपासलेली आहेत. सप्त, अष्ट, नव, दश म्हणायला लावा आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर शेजारी लिहा. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा. गणित आणि स्पेलिंग एकाच तासात.

२) मुक्या अक्षराचं भावंड. जे अक्षर एका शब्दात मुकं असतं ते दुसऱ्यात बोलतं. 'साइन' मधला जी 'सिग्नल' मध्ये बोलतो. 'बॉम्ब' चा शेवटचा बी 'बॉम्बार्ड' मध्ये, 'मसल' चा सी 'मस्क्युलर' मध्ये, 'कॉलम' चा एन 'कॉलम्निस्ट' मध्ये. मुलांना भावंड शोधायला सांगा, त्यांना कोडं सोडवल्यासारखं वाटतं.

३) एकाच मुळाचं कुटुंब. लॅटिन 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. एसटी म्हणजे स्टेट 'ट्रान्सपोर्ट', स्टेशनवरचा हमाल 'पोर्टर', माल बाहेर गेला तर 'एक्सपोर्ट', आत आला तर 'इम्पोर्ट'. फळ्यावर मधोमध पी-ओ-आर-टी लिहून फांद्या काढा. एक स्पेलिंग आलं की निम्मं काम झालं.

४) दोन अक्षरं कधी? हा सगळ्यांत त्रासाचा प्रश्न, आणि मराठी व्याकरणात त्याची छान जोड आहे. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, सत् अधिक जन म्हणजे सज्जन. इंग्रजीत हेच होतं. इन अधिक 'लीगल' यातला एन पुढच्या एलसारखा होतो आणि 'इल्लीगल' मध्ये दोन एल येतात. तसेच 'इररेग्युलर' मध्ये दोन आर, 'इममोबाइल' मध्ये दोन एम. 'सपोर्ट' मध्ये दोन पी का? मूळ सब अधिक पोर्ट, बी बदलून पी झाला. व्यंजनसंधी शिकलेल्या मुलांना हे पटकन कळतं.

मराठीतही मुळाकडे बघूनच आपण शुद्ध लिहितो, नाही का? 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व. 'बुद्धी' दीर्घ, पण 'बुद्धिमान' ऱ्हस्व. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व आहे, तो अशा शब्दांत पुन्हा दिसतो. ही सवय मुलांना आधीच आहे, फक्त इंग्रजीकडे वळवायची.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली-दुसरीच्या मुलांना मुळं सांगत बसू नका. त्यांना आधी ध्वनी आणि अक्षर यांची गाठ बसू द्या, वेबस्टर यांच्या पुस्तकाचा क्रमही तोच होता. तिसरी-चौथीपासून थोडं थोडं सुरू करा. आणि सगळ्या शब्दांना लॅटिन-ग्रीक मूळ नसतं. 'नाइट', 'नाइफ', 'मिल्क' असे घरगुती शब्द जुन्या इंग्रजीतलेच. ते बघून, लिहून, वापरूनच येतात.

पालकांनी घरी एवढंच करावं. मुलाचं स्पेलिंग चुकलं की दहा वेळा लिहायला लावण्याआधी त्या शब्दाचं एखादं भावंड आठवतंय का ते विचारा. आठवलं नाही तर दोघांनी मिळून कोश उघडा. चांगल्या कोशात शब्दाच्या अर्थाजवळच त्याचं मूळ दिलेलं असतं.

तुमच्या वर्गातल्या मुलांनी शोधलेली शब्दांची कुटुंबं आम्हाला जरूर कळवा.